आवाजाचं जनरेटर

१४ सप्टेंबर

काल सकाळी वादळ सुटलं, बिरसीच्या रस्त्यावरची झाडं तारांवर पडली आणि गेलेली लाइट दिवेलागणीला आली. लाइट जाणं या गावाला नवीन नाही. नवीन आहे ते माझ्या बायकोच्या, राजकुमारीच्या, खाटेजवळचं ऑक्सिजनचं मशीन. उन्हाळ्यापासून ते नळीनं तिच्या नाकाला जोडलेलं आहे. मशीन चालतं तोवर ती बरी असते, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते, मला टोचून बोलते. मशीन थांबलं की तिचे ओठ निळे पडत जातात. डॉक्टर म्हणाले, जुना दमा आणि चुलीचा धूर, दोन्ही मिळून फुफ्फुसं राठ झाली आहेत, ती आता पुन्हा मऊ व्हायची नाहीत.

छोटं सिलेंडर होतं म्हणून काल निभावलं. पण त्याचा काटा खाली खाली येत होता आणि आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत बसलो होतो. एकदा ती म्हणाली, "अजी, टकामका पाहून तो वर जाईल काय?" मला हसू आलं नाही.

खुमेंद्र नागपूरहून गाडी हाणत आला. तो पोचला तेव्हा लाइट आलेली होती, पण त्याचा पारा उतरला नव्हता. दारातूनच म्हणाला, "बाबूजी, बस झालं आता. मायले मी नागपूरले नेतो."

"नेतो म्हणजे? ती काय धानाचं पोतं आहे?" मी म्हणालो. शब्दानं शब्द वाढला. शेवटी सूनबाईनं, रवितानं, फोनवरून तोडगा काढला. मंडईपर्यंत मुदत. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरायच्या आत घरी अशी सोय करायची की लाइट गेली तरी मशीन थांबणार नाही. झाली तर ठीक, नाही तर माय नागपूरला.

राजकुमारीला कोणी विचारलं नाही. मीही नाही. तिकडे नात आहे, मोठे दवाखाने आहेत, तिला नागपूरच आवडत असणार. विचारलं आणि ती हो म्हणाली तर मी काय करू?

१६ सप्टेंबर

दिवसभर पावसाची झड. लाइट पाहुण्यासारखी येऊन जाऊन. सिलेंडर भरून आणलं आहे, म्हणून जीव भांड्यात.

आज तिनं माझा चहा अर्धा टाकून दिला. "म्हशीले ठेवा," म्हणाली. नाकाला नळी असताना गॅसपाशी जायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. नळी काढून थोडा वेळ हिंडायला हरकत नाही म्हणाले, पण मीच तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. स्वयंपाक शेजारची धुरपता करून जाते. चहाचं खातं माझ्याकडे.

तिच्या हातचा चहा म्हणजे काय होता ते आज सारखं आठवत होतं. लग्न झालं तेव्हा बोडीवर, शेतातल्या तळ्यावर, आमचं डिझेल इंजिन होतं. हँडल फिरवून फिरवून दंड भरून यायचे, मग ते एकदा काळा धूर सोडायचं आणि धडधडायला लागायचं. आवाज असा की अख्ख्या गावाला कळावं, तुलसीराम पाणी ओलून राहिला. पाणी झालं की इंजिन बंद करायचं, बोडीत हातपाय धुवायचे आणि धुऱ्या-धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, घरी यायचं. कधी दुपारी, कधी पार अंधार पडता पडता. वेळेचा काही नेम नाही, मी कधी सांगूनही जात नसे. पण मी उंबऱ्यात पाय ठेवायचो आणि चुलीवरचं भांडं तेव्हाच खाली उतरायचं. चहावरचा फेससुद्धा मोडलेला नसायचा. लग्न झालेल्या बायकांना हे आपोआप कळत असावं अशी माझी समजूत होती.

पुढे बोडीवर विजेची मोटार बसली. खुमेंद्रही त्याच सुमाराचा. तेव्हापासून चहाचं तंत्र बिघडलं ते बिघडलंच. कधी गार होऊन बसलेला, कधी अजून ठेवलेलाच नाही. मी ओरडायचो. ती म्हणायची, "आता नाही समजत जी." पोर झालं की बाईचं नवऱ्यावरचं लक्ष उडतं, असं माझे वडील म्हणत. ते खरं असणार.

१९ सप्टेंबर

गोंदियाला जाऊन आलो. जनरेटरच्या दुकानात हिमांशू नावाचा विक्रेता. मी धान संस्थेचा निवृत्त गटसचिव, असं सांगितलं तरी शेवटपर्यंत "अंकल"च म्हणाला.

आधी त्यानं इन्व्हर्टर दाखवला. पण बॅटरी काही तासांत बसणार, आणि आमची लाइट एकदा रुसली की दिवस दिवस येत नाही. मग त्यानं दोन जनरेटर दाखवले. एक उघडं, पेट्रोलचं, किल्लीनं सुरू होणारं. सुरू केलं तर शेजारच्या दुकानदारानं शटरबाहेर येऊन शिवी घातली. दुसरं कपाटासारखं बंद, डिझेलचं, हिरव्या रंगाचं. हिमांशूनं त्यावर हात फिरवला, जणू घरची म्हैसच.

"अंकल, ये सायलेंट है. बगल में खटिया डाल के सो जाओ. लाइट गई, अपने आप चालू. लाइट आई, अपने आप बंद. आदमी की जरूरत ही नहीं."

मला ते पटलं. खुमेंद्रला फोटो पाठवला, त्यालाही पटलं. पैसे मी देतो म्हणाला. घरी येऊन राजकुमारीला हिमांशूचं सगळं वाक्य त्याच्या आवाजात करून दाखवलं. तिनं विचारलं, "आदमी की जरूरत नाही म्हणजे?" मी म्हटलं, म्हणजे कोणी घरी नसलं तरी चालतं, कोणाला पत्ताही लागत नाही.

"मंग ते नको," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. उलट्या खोपडीची बाई.

२७ सप्टेंबर

आजचा प्रकार लिहितानासुद्धा डोकं तापतं.

ऑक्सिजनच्या मशीनला जनरेटरची लाइट सोसते की नाही, हे विकत घेण्याआधी पाहावं, असं ठरवलं. म्हणून चौकातल्या, मांडव-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रातून उमेंद्रचं जनरेटर तासाभरासाठी हातगाडीवर आणवलं. म्हशीच्या कोठ्यामागे ठेवलं, खिडकीतून वायर आत घेतली. उमेंद्रनं दोरी ओढली आणि जे काही गर्जायला लागलं म्हणता! म्हशीनं दावं तोडलं. पण मशीन एकदा टुं करून नीट चालू लागलं. मी खूष.

बाहेर आलो तर बकाराम, धुरपताचा नवरा, डोक्यावर दुपट्टा घेऊन अंगणात उभा. मागे आणखी चारदोन माणसं, माना खाली. बकारामनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी झालं जी, सेक्रेटरी?"

"आत्ताच," मी म्हणालो. "पहिल्याच झटक्यात."

"तरास तं नाही झाला?"

"काही नाही. फक्त म्हशीनं दावं तोडलं."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू दुःखानं माझं डोकं फिरलंय. एवढ्यात धुरपता पदर तोंडाला लावून फाटकातून आली. "अवो बाई वो, मले न सांगता कशी गेली वो!" असा हंबरडा फोडून ती थेट आत घुसली. आतून राजकुमारीचा आवाज आला, "अवो, कोन गेलं वो?"

मग उलगडा झाला. या गावात उमेंद्रचं जनरेटर दोनच कारणांनी दारात येतं. एक मांडव, आणि दुसरं, लांबचे नातेवाईक येईपर्यंत मयत ठेवायची फ्रीजरची पेटी. त्याचा आवाज पोरासोरांनाही ओळखू येतो. आमच्या घरी लग्नाचं कोणी उरलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक. राहिलं दुसरं!

जिवंत माणसाला मारायला निघाले, म्हणून मी सगळ्यांवर भडकलो. पण ती आत हसत होती. खोकत होती आणि हसत होती, धुरपताच्या गळ्यात हात टाकून. मग सगळ्यांना बसवून घेतलं, धुरपताकडून चहा करवला. अंगणात, सपरीत म्हणजे ओसरीवर, माणसंच माणसं. "पहा जी," मला म्हणाली, "धूर रस्त्यावर पोचाच्या पहिले आंगन भरलं. हिरालाल तेवढा नाही आला. याद ठेवजा."

एवढी खुललेली मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. स्वतःच्या मयतीला माणसं किती जमली हे पाहून खूष होणारी ही पहिलीच बाई असेल.

२८ सप्टेंबर

सकाळी म्हणते, "आवाजाचंच घ्या."

मी समजावलं. हिरवं आपोआप चालतं, तुला उठावं लागणार नाही, डोकं दुखणार नाही, गाव अंगणात येणार नाही. ती म्हणाली, "आवाजाचं घ्या." स्वस्त आहे म्हणून म्हणत असेल. जन्मभर काटकसर केली, ती सवय नाकात नळी आली तरी सुटत नाही. मी म्हटलं, पैसे खुमेंद्र देऊन राहिला, तू कायले चिंता करते? तर म्हणाली, "तुमाले नाही समजायचं."

तिचा लोखंडावर असा जीव पूर्वीपासून आहे. मोटार बसल्यावर मी ते डिझेल इंजिन कामठ्याच्या एकाला विकलं. कामठा तिचं माहेर, म्हणून घासाघीससुद्धा केली नाही. बैलगाडीत घालून ते नेलं, तेव्हा ही खुमेंद्रला कडेवर घेऊन सपरीत उभी होती, गाडी बोडीच्या पलीकडे जाईपर्यंत. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, लोखंडासाठी रडतेस? पदरानं डोळे पुसून आत गेली. आता मोटारीचं बटण दाबलं की पाणी येतं, हँडल मारायला नको, धूर नको, आवाज नको, किती सुख, हे मी तिला तेव्हाही समजावून सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर ते इंजिन गेल्यावर मलाही बोडी सुनी वाटायची. थंडीतल्या सकाळी धुक्यात काहीच दिसायचं नाही, फक्त ती धडधड. आता सकाळी बिरसीच्या शाळेतली विमान शिकणारी पोरं डोक्यावर घिरट्या घालतात, तेवढाच आवाज.

५ ऑक्टोबर

मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. हिमांशूला सांगून हिरवं जनरेटर चार दिवस वापरून बघायला आणवलं. त्याचा मेकॅनिक लावून गेला. मेन स्विच पाडला, ते आपोआप घुर्र करून चालू झालं. मांजर झोपेत घुरघुरतं तेवढाच आवाज. मी राजकुमारीकडे विजयानं पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

आज हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी सुरू केली. दुपारच्या आत गावची पिठाची चक्की बंद पडल्याचं शेतातून आवाजावरून कळलं, म्हणजे लाइट गेली. मी कान दिला. काहीच नाही. जनरेटर सुरू झालं की नाही? धुऱ्या-धुऱ्यानं घरी गेलो. सुरू होतं. परत शेतात आलो, इळा हातात घेतला, पुन्हा मनात आलं, आता? फोन लावला. ती फोन उचलते, "जित्ती आहो," म्हणते आणि ठेवून देते. तिसऱ्या वेळी उचललाच नाही. पुन्हा पळालो. नळी लावून निवांत वाल सोलत बसली होती.

"फोन काऊन नाही उचलत?"

"हात ओले होते जी."

कापणीच्या बाया हसायला लागल्या. "सेक्रेटरी, घरी काय विसरले जी?" शेवटी इळा ठेवला आणि घरीच बसलो. धान तसंच उभं. हे असं किती दिवस चालणार? ना धड शेतात, ना धड घरी.

६ ऑक्टोबर

रात्री झोप लागली नाही, पण सकाळी डोकं लख्ख चाललं. जनरेटर आवाजाचंच पाहिजे. मला बोडीपर्यंत ऐकू आलं पाहिजे. आवाज आहे तोवर ती ठीक आहे, मी निर्धास्त इळा चालवीन. एवढी साधी गोष्ट त्या हिमांशूच्या लक्षात कशी आली नाही!

राजकुमारीला ही कल्पना नीट समजावून सांगितली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बराबर आहे जी. तुमालेच सुचते असं." दुसऱ्याच्या बुद्धीची कदर करायला ती शिकली आहे.

खुमेंद्र मात्र फोनवर चिडला. "बाबूजी, दुनिया सायलेंटकडे चालली अन् तुमी उलटे? अन् ते किल्लीचं आहे. तुमी शेतात असले तं मायनं उठून सुरू करावं काय?" मी म्हटलं, कोठा कुठे लांब आहे, चार पावलं जायचं, किल्ली फिरवायची, तोवर छोटं सिलेंडर आहे. तो म्हणाला, मंडईले पाहू. त्याच्या आवाजात नागपूर पक्कं झाल्यासारखं वाटलं.

११ ऑक्टोबर

उघडं जनरेटर आलं. कोठ्याच्या मागे, धूर रस्त्याकडे जाईल अशा बाजूला बसवलं. सगळ्या आळीत आधीच सांगून ठेवलं, आमच्या घरून आवाज आला तर रडत यायचं नाही. किल्ली फिरवायला राजकुमारी स्वतः गेली. सुरू झालं तशी दोन्ही हात कानांवर ठेवून हसली.

संध्याकाळी मी पेट्रोलचा कॉक बंद करतो. इंजिनाच्या काळापासूनची सवय, काम झालं की तेल बंद. यंत्राला शिस्त लावली तर ते साथ देतं.

१७ ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवतो. अक्षर वाकडं येतंय तर येऊ दे.

दुपारी धानाच्या बांधीत होतो. चक्की थांबली, लाइट गेली. थोड्याच वेळात घरून आमच्या जनरेटरचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. मी बायांना म्हणालोसुद्धा, ऐका, ती सुरू आहे. तेवढ्यात विमान आलं, अगदी डोक्यावरून. ते बोडीला वळसा घालून गेलं. गेलं, आणि मागे काहीच आवाज उरला नाही.

लाइट आली असेल म्हणून मोटारीचं बटण दाबून पाहिलं. मोटार मेलेली. चक्कीही बंद. मग मी धावलो. या वयात किती धावता येतं ते आज कळलं. एका धुऱ्यावरून बांधीत पडलो, चप्पल चिखलात राहिली. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही, फक्त तिचंच नाव तोंडात होतं. जनरेटर बंद, लाइट नाही, आणि ती एकटी.

फाटकात पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. बकाराम समोर आला, मी त्याला ढकलून आत गेलो. ती खाटेवर, डोळे मिटलेले, ओठ जांभळे, पण नाकाला छोट्या सिलेंडरची नळी होती आणि छाती हलत होती. धुरपता तिचे तळपाय चोळत होती. थोड्या वेळानं कोठ्यामागे जनरेटर गर्जलं. बकारामनं कॉक उघडला होता.

कॉक मी काल संध्याकाळी बंद केला होता. सकाळी उघडायचा राहिला. आत होतं तेवढं पेट्रोल जळलं आणि ते थांबलं. ती बघायला म्हणून पुन्हा कोठ्याकडे गेली आणि दारातच खाली बसली. फोन खाटेवर राहिला होता.

धुरपता म्हणाली, "सुरू झालं, अन् पाच घास खाले नाही तं बंद पडलं. चक्कीची लाइट आली नोती. मंग हे बंद कायले पडलं? मी ताट तसंच सोडून पळाली जी." ती एकटीच नाही. पलीकडच्या आळीतल्या दोघीही तशाच आल्या होत्या, आणि हिरालाल आंघोळ अर्धी टाकून, ओल्या धोतरानं. आवाज आला तर यायचं नाही असं मी सांगून ठेवलं होतं, म्हणून सुरू झालं तेव्हा कोणी आलं नाही. बंद पडलं तेव्हा सगळे आले.

मी कोणाला धन्यवादसुद्धा म्हणालो नाही. भिंतीला टेकून बसलो आणि रडलो. बायांसमोर, बकारामसमोर. लाज वाटली नाही.

१८ ऑक्टोबर

खुमेंद्र, रविता आणि नात रिंकी दिवाळीला म्हणून आले, पण कालचं गावात शिरतानाच त्यांना कळलं होतं. खुमेंद्रनं बॅग खाली ठेवण्याआधी कपाटातून मायची लुगडी काढायला घेतली. मी जाऊन कॉक उघडा असल्याची खात्री करून आलो. 

"ऑटोमॅटिक असतं तं बंदच नसतं पडलं," तो म्हणाला. खरं होतं.

राजकुमारीनं खाटेवरून हात केला, त्याला जवळ बसवलं. दम खात खात बोलली. तिचं बोलणं मी जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"पडलं असतं तं? मशीनच होय न बेटा. कधी ना कधी पडलंच असतं. तेवा कोनाले आयकू आलं असतं?" मग नाकावरची नळी सारखी करून, "तू अन् रविता सकाळी जाता. रिंकी शाळेत. चौथ्या माळ्यावर दार बंद. मी तिथं पडली तं शेजारच्याले मालूम होईल काय?"

खुमेंद्र म्हणाला, "बाई ठेवू माय."

"इथं ठेवाची गरज नाही बापू. ताटावरून उठून येतात."

त्यानं लुगडी पुन्हा कपाटात ठेवली नाहीत, पण बॅगेतही भरली नाहीत. खाटेवर तशीच पडून राहिली. मंडईपर्यंत मुदत आहे म्हणाला.

म्हणजे तिला नागपूरला जायचंच नव्हतं. मी महिनाभर विचारायला घाबरत होतो.

३० ऑक्टोबर

आज मंडई. पूर्वी मंडईची दंडार, म्हणजे नाच-सोंगांचं नाटक, बोडीच्या काठी गॅसबत्तीच्या उजेडात व्हायची. बत्ती विझायला आली की सोंगाडी नाचता नाचता पंप मारून घ्यायचा आणि लोक त्यालाच टाळ्या द्यायचे. नवी नवरी असताना राजकुमारीला मी इंजिनाच्या ओट्यावर चढवून दंडार दाखवली होती. गर्दीत दिसत नव्हतं म्हणून. तेव्हा गावात कुजबूज झाली होती, तुलसीराम बायकोला डोक्यावर बसवून राहिला.

आज उमेंद्रच्या जनरेटरवर सगळी रोषणाई. तिला सपरीत खुर्चीवर बसवलं, लांब नळी लावली. दंडारीचा ढोल चौकातून ऐकू येत होता, त्यात उमेंद्रच्या जनरेटरची गर्जना. रिंकी म्हणाली, "दादी, कितना शोर है!" ती म्हणाली, "आयक बेटा. जवळून आयकलं का शोर, दुरून आयकलं का सोबत."

धुरपता आली, बकाराम आला, हिरालाल चिवडा घेऊन आला. खुमेंद्र कोठ्यामागे काहीतरी करत होता. जाऊन पाहिलं तर पेट्रोलच्या कॉकजवळ लाल पेंटनं ठळक अक्षरं काढली होती: बाबूजी, बंद करू नका. गाडीत दुसरं मोठं सिलेंडर होतं, तेही उतरवलं. म्हणजे निर्णय झाला. माझ्या तोंडावर तो काही बोलला नाही, जाताना तिच्या पाया पडला आणि बकारामच्याही. लुगडी कपाटात परत गेली, ती मीच घडी घालून ठेवली.

४ नोव्हेंबर

सकाळपासून दुरुस्तीसाठी लाइट बंद. घरून जनरेटरचा आवाज, अखंड. मी शेतात धानाची पोती भरत होतो. इतक्या वर्षांनी शेतात पुन्हा ती धडधड, फक्त उलट्या बाजूनं येणारी. काम झपाझप झालं.

दुपार कलली आणि आवाज थांबला. त्याच वेळी चक्की सुरू झाली, म्हणजे लाइट आली, काळजीचं काही नाही. तरी माझे पाय घराकडे निघाले. आता ते माझं ऐकत नाहीत.

उंबऱ्यात पाय ठेवला तर स्वयंपाकघरातून वाफेचा वास. ती स्टुलावर बसलेली, नळी पलीकडच्या खोलीत मशीनवर गुंडाळून ठेवलेली, आणि गॅसवरचं भांडं ती तेव्हाच खाली उतरवत होती. मी ओरडणार होतो. पण चहावरचा फेस मोडला नव्हता.

"तुले कसं समजलं मी येऊन राहिलो म्हणून?"

"इंजिन बंद झालं न जी," ती म्हणाली. "इंजिन बंद झालं का तुमी येता. पहिलेही तसंच मालूम होत होतं. बंद झालं का मी भांडं चढवो. तुमी पाय धुवून येत तवर उकळे."

मी कप हातात घेऊन बसलो. तिच्या नाकाला पुन्हा नळी लावून दिली. मोटार बसल्यावर चहा का चुकायला लागला, ते मला आज कळलं. मोटारीला आवाज नव्हता. ती सपरीत उभी राहून गाडीकडे का बघत होती, तेही. माझे वडील चुकीचं सांगत होते.

तिला काहीतरी म्हणावंसं वाटत होतं.  चहा फार चांगला झाला होता, एवढं म्हणालो. ती म्हणाली, "मालूम आहे."

संध्याकाळी पुन्हा मोटार बंद करायला बोडीवर गेलो. लाइट होती, जनरेटर गप्प होतं. बटण दाबलं, मोटार मुकाट्यानं थांबली. मग मी धुऱ्यावर उभा राहिलो आणि दोन्ही हात तोंडाशी धरून घराकडे हाक मारली, "राजकुमारी वोऽऽ, येऊन राहिलो!" कापणीच्या बाया जागच्या थांबल्या. पलीकडून बकारामनं ओरडून विचारलं, काय झालं जी सेक्रेटरी? मी म्हटलं, काही नाही. सावकाश हातपाय धुतले, धुऱ्या-धुऱ्यानं घरी आलो. चहा उकळत होता.